टीममध्ये सहावी आहे, ऑल इंडिया क्रॉस कंट्रीला जाऊन उपयोग काय?

कातळावरची

नमस्कार मंडळी, इथे वाचते नेहमी पण लिहायची ही पहिलीच वेळ, सांभाळून घ्या. मी राजापूर तालुक्यातली, एसवाय बीएस्सीला आहे. यंदा युनिव्हर्सिटीच्या क्रॉस कंट्री (ट्रॅकवर नाही, गवत-चिखल-चढणीवरची लांब पल्ल्याची शर्यत) टीममध्ये सिलेक्शन झालंय, म्हणजे ऑल इंडिया इंटर युनिव्हर्सिटीला जायचंय, तिकडे उत्तरेत. टीम सहा मुलींची आणि निवड चाचणीत मी सहावी, सरळ सांगायचं तर शेवटची. पाचवीच्या आणि माझ्यात बऱ्यापैकी गॅप होता तेही लपवत नाही.

प्रॉब्लेम असा की स्पर्धा नेमकी फवारणीच्या दिवसांत आलीय. आंब्याला मोहोर फुटलाय, तुडतुड्यांची कीड आहे, ढगाळ वातावरण आलं की बाबांची झोप उडते. गडी मिळत नाहीत, मग खाली औषध कालवायला नि पाइप सरकवायला घरचंच माणूस लागतं आणि ते माणूस बहुतेक मीच असते. बाबा काल जेवताना म्हणाले, "सहावीच आलीस ना, मग पहिल्या पाच जणी बघतील काय ते, तू गेलीस काय नि न गेलीस काय, फरक काय पडतो?" टोचून नाही बोलले हां, खरंच विचारत होते. आणि मला उत्तर देता आलं नाही. सर म्हणतात टीमचे पॉइंट असतात म्हणून ये, पण ते पॉइंट कसे धरतात ते नीट कोणी सांगतच नाही, सगळे म्हणतात तू फक्त पळ.

तर जाणकारांनी सांगा, सहाव्या मुलीचा खरंच उपयोग असतो का सहा नावं भरायची म्हणून नेतात? दुसरं म्हणजे माझी सगळी प्रॅक्टिस डांबरी रस्त्यावर नाहीतर आमच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, मऊ गवताचं ग्राउंड मी टीव्हीवरच बघितलंय, स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घातलेले नाहीत, आणि तिकडे म्हणे धुकं नि मरणाची थंडी असते, आम्हाला स्वेटर पेटीतून काढायचा म्हणजे बातमी. ट्रेनमध्ये इतका वेळ बसून जायचं, उतरून पळायचं, ते कसं जमवतात? सॉरी खूप लांबलं.

चिपळूणचा_जुना

अगं पोरी, आधी अभिनंदन. मुंबई विद्यापीठाच्या टीममध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गातून नाव लागणं सोपं नाही, ठाणे-पालघरपासून खाली सावंतवाडीपर्यंतची कॉलेजं एका गाळणीतून जातात. मी पळायचो, आता पोरांना पळवतो, तर पॉइंटचं मी सांगतो आणि ते बाबांना वाचून दाखव.

क्रॉस कंट्रीत दोन स्पर्धा एकाच वेळी चालू असतात, एक वैयक्तिक आणि एक टीमची. टीमचा हिशेब टाइमवर नसतो, नंबरवर असतो. जो जितवा आला तितके त्याचे पॉइंट, आणि ज्या टीमची बेरीज सगळ्यात कमी ती जिंकली. जागतिक क्रॉस कंट्रीत सहा जण पळतात आणि पहिल्या चौघांचे नंबर मिळवतात, अमेरिकेतल्या कॉलेजांच्या स्पर्धेत सात पळतात आणि पाचांचे धरतात. तुमच्या परिपत्रकात यंदा किती लिहिलेत ते सरांकडून बघून घे, पण हिशेबाची पद्धत तीच.

आता उदाहरण घे, कागद-पेन घेऊन बस. चार जणींचे धरायचे. अ टीमच्या मुली आल्या ३, ८, २० आणि ५७ नंबरला. ब टीमच्या आल्या १५, १८, २४ आणि ३०. बघणारा माणूस म्हणेल अ टीमच भारी, त्यांची मुलगी तिसरी आली, फोटो तिचाच येणार. पण बेरीज कर. अ ची झाली ८८, ब ची झाली ८७. ब टीम जिंकली, आणि ब टीमची एकही मुलगी पहिल्या दहात नाही.

आता खरी गंमत पुढे आहे आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. ब टीमची पाचवी मुलगी आली ५५ वी आणि सहावी आली ५६ वी. ह्या दोघींचे नंबर बेरजेत धरलेच नाहीत. मग त्या नसत्या तर? त्या दोघी घरी फवारणीला थांबल्या असत्या तर अ टीमची ती जी ५७ वी आली ती ५५ वी आली असती, अ ची बेरीज ८८ ऐवजी ८६ झाली असती आणि ८७ वाली ब टीम हरली असती. म्हणजे ज्या दोघींचे पॉइंट कुठेच लिहिले गेले नाहीत त्यांनी समोरच्या टीमच्या चौथीला मागे ढकलून चषक आणला. आमच्यात ह्याला ढकलणं म्हणतात, धक्का मारणं नाही हां, तेवढ्यासाठी डिसक्वालिफाय करतात.

आणखी एक, वर चौघींतली एक कोणी लंगडली, उलट्या झाल्या, बूट निघाला (चिखलात निघतो, हसू नको), तर पाचवीचा नंबर धरला जातो, दोघी गेल्या तर सहावीचा. आणि पुरेशा जणी फिनिशच नाही झाल्या तर टीम म्हणून नावच लागत नाही, मग पहिली आलेली मुलगी मेडल घेऊन एकटी फोटो काढते.

हापूस_एके_हापूस

सर बेरीज बरोबर आहे पण तिच्या बाबांची बेरीज पण बघा ना कोणीतरी. मोहोरावरची एक फवारणी चुकली आणि तुडतुडा नाहीतर करपा बसला तर वर्षाचं उत्पन्न जातं, त्याचे पॉइंट कोण देणार. मी बागायतदार आहे म्हणून सांगतो, टीव्हीवर बघणाऱ्यांना कळत नाही. पोरगी शिकतेय, पळतेय, चांगलं आहे, पण सहावी येऊन परत येणार आणि सर्टिफिकेट फाइलला लावणार. कोणी सांगत असेल की ह्या सर्टिफिकेटवर खेळाडू कोट्यातून नोकरी लागते तर नीट चौकशी करा, ५ टक्के आरक्षण आहे ते खरं पण नुसतं भाग घेतला म्हणून कोणी नोकरी देत नाही, पदक लागतं आणि कुठल्या स्पर्धेचं कुठल्या पदाला चालतं त्याचे नियम आहेत. त्या आशेवर जाऊ नको एवढंच.

चिपळूणचा_जुना

नोकरीचं बरोबर बोललात, मीही पोरांना तेच सांगतो. पण ती नोकरीसाठी विचारतच नाहीये, ती विचारतेय टीमला उपयोग आहे का. आहे. आणि फवारणीच्या त्या आठवड्यात रोजावर एक माणूस मिळतो का बघायला शेजारपाजारच्या बागा आहेत की, एकमेकांकडे हात लावायची पद्धत राजापुरात अजून बंद झालेली नाही.

हापूस_एके_हापूस

बंद नाही झाली पण माणसं मुंबईला गेली त्याचं काय. असो. वाद नको, पोरीला शुभेच्छाच आहेत.

वेंगुर्ला_ते_व्हर्जिनिया

सर म्हणाले त्याला +१, आणि मी प्रत्यक्ष बघितलेलं सांगतो. मी इथे अमेरिकेत मास्टर्सला आलो तेव्हा रूममेटने जबरदस्ती एका शनिवारी सकाळी शार्लट्सव्हिलजवळ पॅनोरामा फार्म्सला नेलं, २०२३ ची एनसीएए क्रॉस कंट्री होती, म्हणजे इथल्या सगळ्या कॉलेजांची नॅशनल. मला वाटलेलं बघण्यासारखं काय असणार, माणसं पळतात. पण तिथलं पब्लिक काय करत होतं सांगू? पुढे जी पहिली चाललीय तिच्यासाठी एकदा टाळ्या, आणि मग सगळे बांधावरून उतरून मागे धावत गेले, आपापल्या टीमची चौथी पाचवी मुलगी कुठे आहे ते बघायला. कोच लोक कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहून डोकी मोजत होते आणि मोजून ओरडत होते, "पुढच्या चौघी उचल, चौघी!" पहिलीला कोणी काही सांगत नव्हतं, तिला सांगायचं काय, ती पुढे आहे.

निकाल लागला तर मुलींमध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट १२३ आणि नॉर्दर्न अ‍ॅरिझोना १२४. एक पॉइंट. तिथे एकतीस टीम पळतात, प्रत्येकी सात, शिवाय टीमशिवाय एकट्या आलेल्या, म्हणजे अडीचशेच्या वर मुली त्या सहा किलोमीटरमध्ये. त्या गर्दीत अ‍ॅरिझोनाच्या पाचांतल्या एकीने शेवटच्या टप्प्यात आणखी दोघींना गाठलं असतं तर चषक त्यांचा. मागच्या बाजूला एका सेकंदात तीन तीन चार चार जणी लाइन क्रॉस करतात, पुढे दोन सेकंदात एकच नंबर बदलतो आणि मागे दोन सेकंदात सात-आठ. म्हणून पहिलीने आणखी जोर लावून टीमला मिळतो एखादा पॉइंट, पाचवीने तेवढाच जोर लावला तर दहा मिळतात. हे तिथे उभं राहून बघेपर्यंत माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

त्याच्या आदल्या वर्षी तर मुलांमध्ये बरोबरीच झालेली. २०२२, स्टिलवॉटरला, ओक्लाहोमा स्टेटच्या स्वतःच्या कोर्सवर, ओक्लाहोमा स्टेट ८३ आणि नॉर्दर्न अ‍ॅरिझोना ८३. तिथे नियम असा की दोन टीमची बरोबरी झाली तर पहिला विरुद्ध पहिला, दुसरा विरुद्ध दुसरा असं पाचही जणांचं जोडीजोडीने बघायचं, आणि अ‍ॅरिझोनावाले ३-२ ने जिंकले. जागतिक स्पर्धेत मात्र बरोबरी झाली की बघतात कोणाचा शेवटचा धरलेला धावपटू पुढे आहे, म्हणजे तिथे थेट चौथ्या माणसावरच फैसला. बाबांना सांग, पहिल्यावर नाही, चौथ्यावर.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. इथे जे टीमशिवाय एकटे पळतात त्यांचे नंबर टीमच्या हिशेबातून काढून टाकतात आणि मग नव्याने नंबर देतात. म्हणजे तू ओव्हरऑल चाळिसावी आलीस आणि तुझ्यापुढे सात जणी एकट्या आलेल्या होत्या तर टीमसाठी तू तेहतिसावी. निकाल बघताना दोन वेगळे आकडे दिसले तर गोंधळू नको.

लोणेरे_हॉस्टेल

अवांतर होतंय पण कोकणातून सगळे मुंबई युनिव्हर्सिटीच्याच टीममधून जातात असं नाही, आमची लोणेरेची तंत्रशास्त्र युनिव्हर्सिटी वेगळी आणि दापोलीचं कृषी विद्यापीठ वेगळं. त्यामुळे उद्या तिकडे स्टार्टला शेजारच्या बॉक्समध्ये कोणी "काय गं खयची" म्हणाली तर दचकू नको.

प्रश्न, स्टार्टला बॉक्स असतात म्हणजे काय ते कोणीतरी सांगा, मी कायम रोड रेस पळालोय.

चिपळूणचा_जुना

प्रत्येक टीमला चुन्याने आखून एक अरुंद कप्पा देतात, त्यात टीमच्या मुली एकामागे एक उभ्या राहतात. पुढे उभं राहायला सगळ्यांना जागा नसते, तेव्हा तेज सुरुवात करणारी पुढे, तू बहुतेक मागे. पिस्तूल वाजलं की शंभर-दीडशे जणी एकदम सुटतात आणि थोड्या अंतरावर रस्ता अरुंद होतो, म्हणून सगळ्या वेड्यासारख्या पळतात, कोपर लागतं, टाच तुडवली जाते. पहिले चारशे मीटर जरा जोरात जाऊन जागा पकडायची, मग लगेच श्वास जागेवर आणायचा. पहिल्या किलोमीटरला जी जीव काढते ती तिसऱ्या लॅपला चालत असते. कोर्स साधारण दीड ते दोन किलोमीटरच्या लूपचा असतो, तीच चढण पुन्हा पुन्हा येते, तेव्हा आदल्या दिवशी चालून बघ, कुठे वळण आहे, कुठे पाणी साठलंय, कुठे गवताखाली खड्डा आहे. आणि पहिल्या लॅपला दिसली नाही अशी जागा दुसऱ्या लॅपला ओळखीची होते, तिथे एकेक मुलगी गाठायची. आणि तुला तर फक्त तुझ्या पाचवीची पाठ धरून ठेवायचीय. निवड चाचणीत जो गॅप होता तो तिकडे गर्दीत तीस-चाळीस नंबरांचा होतो, मगाशी व्हर्जिनियावाल्यांनी सांगितलं तसंच. तेव्हा टार्गेट पहिली मुलगी नाही, तुझीच पाचवी. तिच्याबरोबर आत्तापासून प्रॅक्टिस करता आली तर सोन्याहून पिवळं.

आबा_मालवणकर

गो चेडवा, जा तू. कित्याक जाऊचा नाय? रापण (मोठं जाळं) ओढताना दोरयेच्या शेवटाक उभो असलेलो माणूस सोडून दिल्यान तर मासळी येता काय कधी? सगळ्यांक कळूक व्हया म्हणान आता सरळ मराठीत लिवतंय.

तू म्हणतेस सड्यावर प्रॅक्टिस करते, अगं तेच तर पाहिजे. शहरातली पोरं चारशे मीटरच्या ट्रॅकवर गोल गोल फिरतात नि क्रॉस कंट्रीत गेली की घोटा मुरगळून बसतात. कातळावर पळणाऱ्याचा पाय दर पावलाला वेगळा पडतो, घोटा आपोआप तयार होतो. फक्त पावसाचं शेवाळ असलेल्या भागावर नको, आणि पहाटे काळोखात तर सड्यावर मुळीच जाऊ नको. फुरसं (विषारी साप) दिसत नाही, तेही कातळाच्या रंगाचंच असतं, आणि आपल्या भागात कमी नाहीत. उजाडलं की जा, गवत वाळलेलं असतं तिकडे बूट-मोजे घालूनच.

चढणीसाठी घाटी शोध, गावातून वाडीत जाणारी, दगडी पायऱ्यांची नको, मातीची. वर जाताना छोटी पावलं टाकून पळायचं, खाली चालत यायचं, परत वर. उतरताना पळू नको, गुडघे धरतात, आणि जांभ्याची खडी पायाखालून सरकते. आणि भात कापून झालेला मळा असतो ना, तो सगळ्यात बेस्ट, गवताचं ग्राउंड कशाला पाहिजे? खाली मऊ, वर पेंढ्याची खुंटं, मध्ये मध्ये बांध उडी मारून पार करायचे. मालकाला विचारून मात्र.

किनाऱ्यावर गेलीस तर ओहोटीला ओल्या वाळूवर, पाण्याच्या कडेला. कोरड्या वाळूत रोज पळशील तर टाचेच्या वरची शीर दुखायला लागेल. आणि किनारा एका बाजूला उतरता असतो, तेव्हा जितकं जाशील तितकंच उलट्या दिशेने परत ये, नाहीतर एकाच बाजूची कंबर दुखते.

सिस्टर_कुडाळ

मी नर्स आहे आणि मुलींचं म्हणून सांगते, हे सर लोक सांगणार नाहीत. आधी हिमोग्लोबिन तपासून घे. सरकारी दवाखान्यात होतं, वेळ नाही लागत. आपल्याकडच्या निम्म्या कॉलेजच्या मुली कमी हिमोग्लोबिन घेऊन हिंडतात आणि धावणाऱ्या मुलींमध्ये ते आणखी कमी व्हायची शक्यता असते, पाळी, घाम, त्यात नीट खात नाहीत. कमी असेल तर जोर लावूनही पाय चालत नाहीत आणि वाटतं आपणच आळशी झालोय. गोळ्या डॉक्टरांना विचारून घे, मैत्रिणीच्या नको, आणि गोळी घेतल्याबरोबर चहा पिऊ नको, चहामुळे लोह अंगी लागत नाही. नाचणी, कुळीथ, हिरव्या पालेभाज्या, चालत असतील तर मासे, अंडी हे घरचंच आहे.

स्पर्धेच्या आठवड्यात पाळी येत असेल तर गोळ्या घेऊन पुढे ढकलायचं शेवटच्या क्षणी ठरवू नको, शरीराला नवीन काही त्या दिवसांत नको. सोबत पॅड भरपूर ठेव, तिकडे ऐनवेळी शोधायला लागलं तर डोकं तिकडेच.

ट्रेनचं सांगते. दर थोड्या वेळाने उठून डब्यातून चाल, पोटऱ्या ताण, वरच्या बर्थवर दिवसभर झोपून राहू नको. पाणी पीत राहा, बाथरूमला जायला नको म्हणून पाणी टाळतात मुली, ते करू नको. घरून आंबोळ्या, सुकी चटणी, लाडू ने, फलाटावरचं तळलेलं नको. रेसच्या आदल्या रात्री नवीन पदार्थ चाखायचा नाही, कितीही वास सुटला तरी. रेस झाल्यावर मग खा छोले भटुरे.

लोणेरे_हॉस्टेल

थंडीचं कोणी सांगितलंच नाही. आम्ही दमट हवेत पळतो, घाम सुकतच नाही, तिकडे गेल्यावर फायदा होतो का तोटा?

वेंगुर्ला_ते_व्हर्जिनिया

फायदा, पण वॉर्मअप केलं तर. दमट हवेत घाम उडत नाही, अंग थंड होत नाही, हृदय जास्त ठोके मारतं, म्हणून तोच वेग तिकडे घरापेक्षा सोपा लागतो. शिवाय उकाड्यात सवय झालेल्या शरीरात रक्तातलं पाणी वाढतं, ते थंडीतही काही दिवस कामी येतं. लांब पल्ल्याला थंडी चांगलीच. उन्हाने काय होतं ते बघायचं तर १९२४ चं पॅरिस ऑलिंपिक बघा, तेव्हा क्रॉस कंट्री ऑलिंपिकमध्ये होती, भर उन्हाळ्यात ठेवली, अडतीस जण सुटले आणि पंधराच पोचले. फिनलंडचा नुर्मी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने जिंकला, बाकीचे रस्त्यात पडले. त्यानंतर ऑलिंपिकमधून क्रॉस कंट्री गेली ती आजतागायत नाही.

पण थंडीत स्नायू आखडलेले असतात. नेहमी जितकं वॉर्मअप करतेस त्याच्या दीडपट कर, ट्रॅकसूट शेवटच्या क्षणापर्यंत अंगावर ठेव, सरांच्या हातात दे आणि मग बॉक्समध्ये जा. हातमोजे घे, साधे चालतील, लाज वाटायची गरज नाही, तिकडे सगळे घालतात. आणि धुक्यात पुढची दिसली नाही तर घाबरू नको, तिलाही मागची दिसत नाही.

कातळावरची

बाप रे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे खूप खूप आभार, सिस्टर तुमचं तर स्पेशल, हिमोग्लोबिनचं मी कधी बघितलंच नव्हतं, उद्या आईबरोबर जातेय.

ते ८८ आणि ८७ चं गणित रात्री बाबांना दाखवलं. ते फवारणीचा हिशेब एका जुन्या वहीत लिहितात, कुठलं औषध, किती लिटर पाण्याला किती, कधी मारलं, त्याच पानाच्या मागे त्यांनी स्वतः आकडे मांडले. ५७ चा ५५ करून बघितला, परत बेरीज केली, मग ५५ आणि ५६ वाल्या दोघींना खोडून बघितलं आणि म्हणाले, "आयला, मग ह्या दोघींचं नाव का नाय लिवत पेपरात?" मग काही वेळ काही बोलले नाहीत आणि मग फोन करून काकांना विचारलं की त्या आठवड्यात बंड्या मोकळा आहे का. बंड्या म्हणजे चुलतभाऊ, तो पाइप धरायला येईल पण रोज मोबाइलवर असतो त्यामुळे बाबा आधीच वैतागलेत. मी जातेय हे मात्र नक्की.

सरांना विचारलं तर आमच्या पाचवीने पण माझ्याबरोबर प्रॅक्टिसला तयारी दाखवलीय, ती लांज्याची आहे, रविवारी इकडे येणार आहे. तिला मळ्यात बांधावरून उड्या मारायला लावणार, आबा तुमचं नाव सांगणार.

हापूसवाले काका, तुमचंही पटलं, मी नोकरीच्या आशेवर नाही जात. आता शेवटचा प्रश्न, स्पाइक्स घेऊ का? बजेट कमी आहे आणि कधी घातलेले नाहीत.

हापूस_एके_हापूस

बंड्याला सांग मोबाइल खिशात ठेव आणि नोझल बघ, औषध मोहोरावर पडलं पाहिजे, बंड्याच्या डोक्यावर नाही. आणि मास्क लावून मारा म्हणावं. जा बाळा, चांगली पळ.

चिपळूणचा_जुना

स्पाइक्सचं. रेसच्या दिवशी पहिल्यांदा कुठलीही नवीन गोष्ट पायात घालायची नाही, हा नियम धर. वेळ आहे तर स्वस्तातले भारतीय बनावटीचे घे, पण क्रॉस कंट्री किंवा लाँग डिस्टन्सचे म्हणून मागून घे, दुकानदार धावायचे म्हटल्यावर शंभर मीटरवाले गळ्यात मारतो, त्यांना टाच नसते आणि दुसऱ्या किलोमीटरला पोटऱ्या ओरडायला लागतात. आधी मळ्यात थोडं थोडं पळून सवय कर, रोज नको, पोटरीला सवय व्हायला वेळ लागतो. डांबरावर नि कातळावर मुळीच घालू नको, खिळे झिजतील नि पाय सटकेल.

खिळे बदलता येतात. कोर्स कोरडा नि कडक असेल तर छोटे, सहा एमएमचे पुरतात, ओला चिखल असेल तर नऊ किंवा त्याहून मोठे. दोन्ही जवळ ठेव, आदल्या दिवशी कोर्स चालून झाल्यावर ठरव. नाहीच जमले स्पाइक्स तर खाली चांगली नक्षी असलेले साधे रनिंग शूज चालतील, गुळगुळीत झालेले तेवढे नकोत. बीडच्या अविनाश साबळेची पण सुरुवात आर्मीच्या क्रॉस कंट्रीतूनच झाली, स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांची शर्यत नंतर आली, त्या माणसाचं काही बुटांमुळे अडलं नाही.

लेस दोनदा बांध, वर चिकटपट्टी मार, चिखलात बूट राहतो ते खरं आहे. आणि खिळे आवळायची चावी स्वतःची घे. टीममध्ये ती कायम एकीकडेच असते आणि ती नेमकी दुसऱ्या डब्यात झोपलेली असते.